केतकीचा आवाज

वाटी फरशीवर आपटली, आणि मग परत एकदा आपटली.

मी दाराकडे तोंड करून मेथी निवडत बसले होते. भर दुपारी अचानक वीज गेली होती. खालचे आमचे आठ यंत्रमाग, शेजारच्या उरण्यांचे माग, पलीकडच्या गल्लीतले माग, सगळे एकदम थांबले होते. इचलकरंजीत असं झालं की आधी कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं आणि मग काहीच वाजत नाही. मांडणीवरची थरथरणारी भांडीसुद्धा गप्प होतात. त्या शांततेत स्टीलच्या वाटीचा आवाज एवढा मोठा झाला की मी दचकून मागे वळले.

केतकी भिंतीला टेकून बसली होती. तीन वर्षांची व्हायची होती अजून. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, पाणी."

मी उठले, माठातलं पाणी तिच्या वाटीत ओतलं आणि परत मेथीशी येऊन बसले.

कॉटवर माझी इंदूमावशी होती. आजऱ्याकडच्या खेड्यातून ती आदल्या दिवशीच आली होती, डोळ्यांच्या डॉक्टरांना मोतीबिंदू दाखवायला. मागांच्या आवाजानं रात्रभर तिला झोप नव्हती. वीज गेल्यावर आत्ता कुठे ती माणसांत आली होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"हेमे, तुला कसं कळलं गं?"

"काय?"

"तिला पाणी पायजे ते."

"तिनं मागितलं की."

"कधी?"

"आत्ता. तुझ्यासमोर."

"माझा डोळा अधू हाय, कान न्हाई," मावशी म्हणाली. "पोरीनं वाटी आपटली. तू बघितलंस. पाणी दिलंस. ह्यात बोललं कोण?"

मला हसू आलं. "केतू, मावशीआजीला नाव सांग तुझं."

केतकी म्हणाली, "केतकी शिवानंद म्हेत्रे."

"बघ."

"काय बघ? नुसते ओठ हलवले तिनं. माशासारखे."

आधी मला ती चेष्टाच वाटली. मावशीला चेष्टेची सवय आहे. माझ्या लग्नात तिनं व्याह्यांना मिशीला लावायचं तेल आहेर केलं होतं. पण ती हसत नव्हती. ती कॉटवरून खाली उतरली, केतकीजवळ जाऊन बसली आणि मला म्हणाली, "डोळे मीट तू."

"कशाला?"

"मीट म्हणते ना. पदर धर डोळ्यांवर." मग केतकीला म्हणाली, "बाळे, उरण्यांच्या मांजरानं काय केलं काल? सांग बघू आजीला."

ही गोष्ट केतकीची आवडती. मांजर उरण्यांच्या ओट्यावर चढलं, दुधाचं पातेलं सांडलं आणि उरणेकाकू लाटणं घेऊन मागे लागल्या. कालपासून पाच वेळा तिनं मला ही गोष्ट सांगितली होती. मी पदर डोळ्यांवर धरून बसले आणि वाट बघू लागले.

खाली आप्पा, म्हणजे माझे सासरे, खाकरले. गल्लीत कुणीतरी सायकल स्टँडला लावली. कांदेवाला ओरडत लांब गेला. मावशीच्या बांगड्या वाजल्या.

"ती सांगत नाहीये," मी म्हणाले. "लाजतेय तुला."

"उघड डोळे."

मी पदर काढला. केतकी दोन्ही हात पसरून गोष्टीच्या मधोमध होती. "आणि मग काकू आल्या, लाटणं घेऊन, एवढं मोठं..." मला ऐकू येत होतं. बारीक, पाण्यात चमचा फिरवावा तसा तिचा आवाज. मी डोळे मिटले, आवाज गेला. उघडले, आला. परत मिटले. केतकीला तो खेळ वाटला, तीही माझ्यासारखी उघडझाप करायला लागली आणि खदखदून हसली. ते हसणं मात्र डोळे मिटलेले असतानाही आलं, चांगलं मोठ्यानं.

"हसती, रडती," मावशी म्हणाली. "बोलत मात्र न्हाई. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई हे तुमच्या घरात?"

मी काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात वीज आली. खालून एकेक माग धडधडायला लागला, भांडी हलली, आणि मावशीचं तोंड नुसतंच हलत राहिलं. ती आजऱ्याची. तिच्या तोंडावरून मला काही कळेना.

हे सांगितलं पाहिजे. मागाच्या घरात ओरडून उपयोग नसतो. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला महिना मला वाटायचं, ही माणसं एकमेकांना वेडावून दाखवतात. जबडा मोठा करून, ओठ पुढे काढून, एकेक शब्द चावल्यासारखा, आणि आवाज काढायचाच नाही, कारण काढला तरी तो मागांत जातो. शेडच्या या टोकाला माग दुरुस्त करणारा जॉबर आणि त्या टोकाला सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, पण त्यांच्यात घरातली भांडणंसुद्धा अशी रंगायची की बघत राहावं. मी आजऱ्याच्या बाजूची, जिथे शेजारच्या घरात दळण चाललं तरी कळतं. मला काहीच समजायचं नाही आणि मी जिन्यावर बसून रडायचे. तेव्हा आप्पांनी मला शिकवलं. त्यांचे कान मागांवर तीस वर्षं काढून पार गेले होते. समोर बसून ते म्हणायचे, "तोंड बघ. कान इसर." वर्षभरात मी इतकी तयार झाले की शिवानंद, माझा नवरा, आठव्या मागावरून मला काहीबाही बोलून लाजवायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

केतकी सहा महिन्यांची होती तेव्हापासून तिची झोळी कांड्यांच्या यंत्राजवळ बांधलेली होती. मी कांड्या भरत तिच्याशी दिवसभर बोलायचे. खूप बोलायचे. लोक म्हणायचे, हेमा पोरीशी किती बोलते.

मी खाली शेडमध्ये गेले. शिवानंद तुटलेला धागा जोडत होता. दोन मागांच्या अलीकडूनच मी त्याला म्हणाले, "मावशी म्हणते केतकीला आवाज नाही."

"कुणाला?"

"केतकीला. नुसते ओठ हलवते म्हणते."

"म्हातारीला मागाचं लागलं असंल कानाला," तो म्हणाला. "सकाळी तर गाणं म्हणून दाखवलं मला. चंदामामाचं."

"कुठे? इथे?"

"हितंच की. ह्याच मागापाशी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोही माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातातला धागा परत तुटला.

"चालीत म्हणाली," तो म्हणाला. पण ते म्हणताना त्याचं तोंड जरा लहान झालं होतं.

डोळे मिटायची परीक्षा त्याला पटली नाही. बायकी खेळ म्हणाला. त्यानं स्वतःची तोड काढली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, आमच्या भागात वीज बंद असायचा दिवस. एरवी शुक्रवारी आम्ही नवराबायको मेल्यासारखे झोपायचो आणि केतकी आप्पांचं बोट धरून देवळात आणि बाजारात जायची. तिच्याशी शांततेत बसून बोलायची वेळच आमच्यावर कधी आली नव्हती. त्या शुक्रवारी शिवानंद चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेला आणि तिथून त्यानं माझ्या मोबाइलवर फोन लावला.

"तिच्या कानाला लाव."

मी लावला. मोबाइलमधून त्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "केतू? मी बाबा. काय करतीस?"

मी तेच ओठांनी तिला सांगितलं आणि केतकीचा चेहरा उजळला. "बाबा, मी दूध पिले," ती म्हणाली.

"हॅलो? केतू? बोल की."

"दूध पिले. साय काढली आईनं."

"हॅलो? हेमा, कानाला लावलायस ना? केतू? हॅलो?"

ती प्रत्येक वेळी उत्तर देत होती. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं फोन कानावरून काढला, त्याच्या काळ्या काचेत नीट बघितलं, परत कानाला लावला. मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा बघत नाहीत."

शिवानंद परत आला तेव्हा त्याच्या हातात पान होतं, ते त्यानं खाल्लं नव्हतं. "रेंज न्हवती," तो म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. आप्पा खाली ताण्याच्या सुताच्या बीमवर फडकं टाकत होते. त्यांच्यासमोर जाऊन त्यानं विचारलं, "आप्पा, केतूचा आवाज कसा हाय?"

आप्पांनी त्याचे ओठ वाचले. विचार करायला त्यांना वेळ लागला नाही.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. बहिऱ्या माणसांचं असतं तसं, सपाट आणि गल्लीत ऐकू जाईल एवढं मोठ्यानं. "तिच्या आजीवर गेलाय."

कुणी हसलं नाही. मावशीसुद्धा.

कोल्हापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी दोन वेळा बोलावलं. केतकीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. कान उत्तम होते. घशात बॅटरी मारली तेव्हा तिनं असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. घसा उत्तम होता. डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

"घरी बोलते म्हणता?"

"सगळं बोलते. गोष्टी सांगते."

"आवाज न काढता."

"हो. म्हणजे, मला येतो ऐकू."

मी काय बोलले ते माझं मला कळलं आणि मी पदराचं टोक पिळत बसले. खरं तर मला रागच आला होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. माझ्या कानांनी मला फसवलं म्हणावं, तर माझे कान तर काही बोललेच नव्हते.

डॉक्टरांना खोकला झाला होता म्हणून त्यांनी तोंडावर मास्क चढवला आणि केतकीकडे वाकून विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाव काय तुझं? सांगणार नाहीस?"

केतकीनं हात लांब केला, त्यांचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्यांच्या ओठांवर बोट ठेवून वाट बघत उभी राहिली. जसं कुणी दार उघडून आत कोण आहे ते बघावं.

डॉक्टर हळूच मागे सरकले. खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "तुमचं काम काय असतं घरी?"

"माग आहेत," शिवानंद म्हणाला.

"किती?"

"आठ. दोन पाळ्या."

"आणि ही कुठे असते?"

मी सांगितलं. झोळीचं, कांड्यांचं, आप्पांचं, सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

त्यांनी औषध लिहून दिलं नाही. म्हणाले, काही महिने हिला कुठेतरी शांत ठिकाणी न्या. तिथे हिच्याशी भरपूर बोला. पण हिला तोंड दाखवू नका. पाठीमागून बोला, बाजूच्या खोलीतून बोला, अंधारात गोष्टी सांगा. शब्द कानात येतात हे तिला कळू द्या. "आणि अजून एक," ते म्हणाले. "हे तुम्हाला अवघड जाईल. ती आवाज न काढता बोलली, तर तुम्हाला समजलं तरी समजलं नाही असं दाखवायचं."

"पण मला समजतं," मी म्हणाले.

"म्हणूनच."

परतताना बसमध्ये शिवानंद म्हणाला, "कांड्यांना बाई ठेवू. तू जा मावशीकडं. पोरगी बोलली पायजे, हेमा. उद्या शाळंत कोण बघत बसणार तिच्या तोंडाकडं?" त्यात मला नाही म्हणायला काही नव्हतं. केतकी माझ्या मांडीवर उभी राहून खिडकीतून मागे पळणारी झाडं दाखवत होती आणि प्रत्येक झाडाला काहीतरी म्हणत होती. मी खिडकीबाहेर बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही. तेवढ्यातच मी सुरुवात केली होती.

निघताना आप्पांनी तिला उचलून घेतलं. त्या दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मी मुद्दाम वळले, म्हणून काय झालं ते मला माहीत नाही.

मावशीचं घर गावाच्या टोकाला, मागे काजूची झाडं. दिवसभरात आवाज म्हणजे कोंबड्यांचा, आणि कधी वाडीतून येणाऱ्या गाडीचा. पहिल्या दिवशी केतकी त्या शांततेत सैरभैर झाली. सारखी जमिनीला हात लावून बघायची. आमच्या घरात फरशी थरथरते. इथली थरथरत नव्हती.

मी चुलीकडे तोंड करून पोळ्या लाटत बोलायचे. "केतू, आता मी पोळी लाटतेय. आता ती फुगली." मला स्वतःला खुळ्यासारखं वाटायचं. ती येऊन माझ्या समोर उभी राहायची, मी वळायचे. ती फिरून परत समोर यायची. मी परत वळायचे. एकदा दोघी अशा गोल फिरत राहिलो तेव्हा ती हसली. नंतर हसायची बंद झाली.

"आई, भूक लागली."

मी गप्प.

"आई, भूक."

मला तिचा शब्द न् शब्द कळत होता. भुकेचा ऊ काढताना तिचे ओठ चोचीसारखे व्हायचे. मी तोंडावर काहीच न कळल्याचा भाव आणायचे आणि म्हणायचे, "काय गं? मला ऐकू येत नाही. मोठ्यानं सांग." तिला समजायचं नाही. ती तोंड अजून मोठं करायची. शब्द अजून सावकाश, अजून स्पष्ट, जसं आप्पांनी मला शिकवलं होतं तसं. मोठ्यानं म्हणजे तिच्या लेखी तेच होतं.

मावशी पडवीतून म्हणायची, "वळू नकोस हं, हेमे."

"उपाशी आहे गं ती."

"उपाशी न्हाई. आत्ता पेज प्यालीय माझ्याकडनं. तुला बघायचं हाय तिचं तोंड, म्हणून उपाशी."

एकदा तर मी मावशीवर चिडले. "तुला काय जातं सांगायला. तुला मूल नाही." बोलले आणि जीभ चावली. मावशीनं सूप खाली ठेवलं. "न्हाई ना," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर मला तिचा आवाज नसताना ऐकू आला न्हाई."

त्या दिवसांतलं केतकीचं बघणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ती रडायची नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरायची आणि तपासायची, डोळे, नाक, हनुवटी, जसं यंत्र बंद का पडलं ते शिवानंद तपासतो. मग सोडून द्यायची. हळूहळू तिनं माझ्याशी बोलणंच कमी केलं. कोंबड्यांशी बोलायची, झाडांशी बोलायची, माझ्याकडे पाठ करून. आणि मला तर तेही ऐकू यायचं नाही, कारण तिचं तोंड दिसायचं नाही. रात्री कुशीत घेऊन मी अंधारात गोष्टी सांगायचे. ती माझ्या ओठांवर बोटं ठेवून झोपायची. ती बोटं काढावीत की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी काढली नाहीत.

पाऊस उलटून गेला होता. एक दिवस सकाळी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. मावशीच्या पडवीत शेजारचं कुत्रं शिरलं आणि त्यानं केतकीच्या हातातली भाकरी ओढली.

"हाऽड!"

मी हातातला पिळा घेऊन तशीच उभी राहिले. मला वाटलं, आप्पा आले. जाड, सपाट, अंगणापार जाणारा आवाज. कुत्रं शेपूट घालून पळालं. पडवीत केतकी एकटीच उभी होती आणि तिनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला होता.

मावशी आतून धावत आली. "कोण आलंय? कोण वराडलं?"

केतकीनं आमच्याकडे बघितलं. परत एकदा, जरा घाबरत, करून बघितलं. "हाड."

मावशी उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "पोरगी हाय का भालदार," ती म्हणाली. "ये गं माझे बाये. अजून एकदा म्हण. मला म्हण. मावशीआजी हाड, म्हण."

मी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण ते सांगताना अजूनही माझी गाडी इथे अडते. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. वर्षभर मी जो ऐकत होते, पाण्यातल्या चमच्याचा, तो हा नव्हता. शेडमध्ये मागांवरून चढून तिच्या कानापर्यंत पोचलेला एकच आवाज होता, आप्पांचा. तोच तिनं उचलला होता. मग माझ्या कानातला तो कुणाचा होता, आणि आता तो कुठे गेला, हे मी कुणाला विचारणार? तिच्या केसांत तोंड खुपसून मी तो ऐकायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "हाड, हाड, हाड."

त्यानंतर धरण फुटावं तसे शब्द आले. पाणी, पोळी, कोंबडी, नको. सगळे आप्पांच्या ठेक्यात. मी वळून तिच्याकडे बघायला लागले, कारण आता चालणार होतं. शिवानंदला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी दूध पिले." मग शिवानंद म्हणाला, "हां. साय काढली का आईनं?"

दिवाळीनंतर आम्ही घरी आलो. डॉक्टरांनी तिला दिवसभर शेडमध्ये ठेवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. सकाळी ती बालवाडीत जायला लागली, दुपारी वरच्या खोलीत दार लावून खेळायची. आवाजही बदलला तिचा. बालवाडीतल्या पोरींसारखा झाला, भराभर, अर्धे शब्द गिळणारा. ओठ जेमतेम हलायचे.

आप्पा दुपारी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे, पहिल्यासारखे. ती त्यांना बाईंचं, बाकावरच्या मुलीचं, खाऊच्या डब्याचं सांगत सुटायची. आप्पा पुढे वाकून बघायचे. मग थोडं अजून पुढे. मग मान हलवायला लागायचे, हसून, नको तिथे हो म्हणायचे. केतकी थोडा वेळ सांगायची आणि बाहुली घेऊन खिडकीत जायची. एकदा मी तिला म्हणाले, "आप्पांशी हळू बोलावं, तोंड मोठं करून." ती म्हणाली, "बाई म्हणतात, तोंड वेडंवाकडं करू नये."

त्या फेब्रुवारीत कांड्या भरणारी बाई दोन दिवस आली नाही आणि मी खाली शेडमध्ये यंत्रावर बसले. माग भरात होते. जिन्याच्या खालच्या पायरीवर केतकी येऊन उभी राहिलेली मला दिसली, बालवाडीचा झगा अंगात तसाच. ती मला काहीतरी म्हणत होती.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलत होते, छोटे छोटे, पटपट. मला काही कळेना. मी मान हलवून विचारलं, "काय?" ती परत म्हणाली. तिच्या गळ्याची शीर फुगली होती, म्हणजे ओरडत होती, पण ते सगळं मागांत जात होतं. मी डोळे बारीक केले. पहिला शब्द आई होता. पुढचं गेलं. त्या बाजूच्या मागावरून शिवानंदनंही बघितलं आणि मला हातानं विचारलं, काय म्हणती? मी खांदे उडवले.

ती पायरी उतरून जवळ आली. माझा गुडघा धरून परत म्हणाली. मी यंत्र थांबवून खाली वाकले, तिच्या तोंडाशी कान नेला, मग कान काढून डोळे नेले. काहीच लागेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लागलं असेल कुठे, भूक असेल, आप्पांचं काहीतरी असेल. मी हसून मान हलवली. हो, म्हणाले. हो हो.

ती दोन पावलं मागे सरकली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

शिवानंदनं जेवणाच्या सुट्टीसाठी एकेक माग बंद केला. शेवटचा थांबला तशी कानात शिट्टी वाजली आणि विरली. मी पदरानं तिचं नाक पुसलं. "आता सांग, राणी. काय म्हणत होतीस?"

तिनं ते सांगितलं नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, वर केला, आणि आता मला नीट ऐकू येणाऱ्या आवाजात विचारलं, "आई, तुला आत्ता खरंच कळत नव्हतं, का मावशीआजीकडे करायचीस तसं करत होतीस?"